दाभणसाहेब

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, दाभण असायचा. आडतीवर पोती शिवायला वापरतात तोच, वीतभर लांब, टोकाशी जरासा वाकलेला. छातीत टोचू नये म्हणून त्याच्या टोकावर ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा खोचलेला असे. हा तुकडा दर आठवड्याला झिजायचा आणि नवं चिपाड कुठं मिळेल याची चौकशी ते कुठंही करायचे. बँकेत, दवाखान्यात, एकदा तर कुणाच्या दहाव्याला गेले असताना घाटावर.

कार्यालयात सगळे त्यांना दाभणसाहेब म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. मला एकदा म्हणाले, "नाव बरं हाय. माझ्या आडनावापरीस लवकर ध्यानात ऱ्हातं."

ते निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पण जुन्या लाकडी इमारतीत शिरून ती ठेवायची की पाडायची, दुरुस्त करायची तर कुठून, हे सांगणारं माणूस बीडच्या आमच्या कार्यालयात दुसरं उरलं नव्हतं. म्हणून त्यांना कंत्राटावर परत बोलावलं होतं. मी मूळची नगरकडची, नोकरीला नवी. कॉलेजात आम्हाला सिमेंट आणि लोखंड चार वर्षं शिकवलं आणि लाकूड एका दुपारी उरकलं. मला दाभणसाहेबांच्या हाताखाली दिलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, डबा दोन वेळचा न्या. ते एका खोलीला एक दिवस लावतात."

खरंच लावायचे. आपल्याकडची माळवदं म्हणजे जाड भिंती, भिंतींवर सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या कड्या, फळ्या आणि सगळ्यांवर हातभर पांढरी माती. साहेब शिडी लावून एकेका तुळईपाशी जायचे, बाभळीच्या छोट्या हातोड्यानं तीनदा ठोकायचे आणि लाकडाला कान लावायचे. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. एका गावात शेजारी पिठाची गिरणी सुरू होती. ते तावातावानं तिकडं गेले. आता भांडण होणार म्हणून मी मागोमाग धावले, तर साहेब दळणाच्या रांगेत बायकांच्या मागं शांत बसलेले. हातात दळण नाही, पिशवी नाही. गिरणी बंद होईपर्यंत तासभर बसले. गिरणीवाला शेवटी वैतागून म्हणाला, "काका, तुमचं काय दळायचंय?" साहेब म्हणाले, "कायबी न्हाई. तुमचं झालं की माझं चालू व्हतं."

ठोकून झालं की मग दाभण. त्याचं माप त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. "चांगल्या सागात दाभण गव्हाएवढा जातो. हरभऱ्याएवढा गेला तर इचार करायचा. करंगळीच्या पेराएवढा गेला तर आदी माणसं भाईर काढायची, मंग इचार करायचा." आणि सगळ्या तुळया तपासून झाल्यावर प्रत्येकीवर खडूनं एक शब्द. ठेवा, जोडा किंवा काढा. चौथा शब्द त्यांच्याकडे नव्हता. 'धोकादायक' हा शब्द तर त्यांना शिवीसारखा वाटे. "धोकादायक म्हंजी किती? कुठं? कवा? कायच कळत न्हाई. भिऊन लिहिल्यालं असतंय ते."

एका प्रशिक्षणात त्यांना बोलायला उभं केलं होतं. ते म्हणाले, "लाकूड मधी सडत न्हाई, टोकाला सडतं. जितं भिंतीत जातं तितं." अध्यक्षस्थानी बसलेले पाहुणे एकदम खुलले. "वा! माणसाचंही तसंच असतं, नाही का?" साहेबांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाले, "माणसाचं मला ठाव न्हाई. मी लाकडाचं बोलतोय." आणि पडद्यावरच्या पुढच्या चित्राकडं वळले.

या स्वभावाची झळ घरच्यांनाही लागलेली होती. पुतणीसाठी स्थळ पाहायला केज तालुक्यात गेले तेव्हाची गोष्ट त्यांच्या बायकोनं मला सांगितली. पोहे आले, बोलणी रंगात आली, आणि हे गायब. पाहतात तर आतल्या खोलीत, फळीवर चढून, मुलाकडच्यांच्या तुळईत दाभण खुपसतायत. खाली उतरून मुलाच्या वडलांना म्हणाले, "स्थळ झकास हाय. मुलगा आवडला. फकत ह्या खोलीत पोरीला झोपवू नका." मुलाचे वडील असे लाल झाले की बोलणी तिथंच थांबली. घरी परतताना गाडीत यांच्याशी कुणी बोललं नाही. आठवड्यानं त्या गृहस्थांचा स्वतःहून फोन आला. सुतार बोलावून पाहिलं होतं, टोक आतून भुसा झालं होतं. लग्न झालं. पण त्यानंतर नातेवाइकांत कुठंही स्थळ पाहायला जायचं झालं की यांना घरीच ठेवू लागले.

मी त्यांच्याबरोबर तीन वर्षं होते. त्यातल्या शेवटच्या वर्षाबद्दल सांगायलाच हवं.

नांदूरघाटाच्या पुढं एक गाव आहे. तिथं निजामाच्या काळातली धान्याची कोठी होती, दोन मजली. वरच्या मजल्यावर लांबलचक दालन. दसरा झाला की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मागं राहणाऱ्या चाळीसेक मुलांचं हंगामी वसतिगृह त्या दालनात भरायचं. त्या वर्षी पावसाळ्यात छतातून माती गळली आणि कागद आमच्याकडं आला. आमच्या मोठ्या साहेबांना एका दिवसात अहवाल हवा होता, आणि तो काय असावा हेही त्यांच्या मनात पक्कं होतं. पाडा म्हणावं, म्हणजे आपल्या मानेवर काही राहत नाही.

गावात पोचलो तर शाळेचे गुरुजी वाटेतच उभे. त्यांनी साहेबांचा हातच धरला. "साहेब, ही जागा गेली तर दुसरी न्हाई. मंग लेकरं आई-बापासंगं फडावर जात्यात. तितून मार्चात परत येत्यात ती शाळंला येत न्हाईत. कोयत्यालाच जात्यात."

"आन ठीक हाय म्हणून लिहिलं, आन पडलं तर?" साहेब म्हणाले.

गुरुजींनी हात सोडला.

वरचं दालन मातीमुळं घाबरवणारं दिसत होतं, पण ते सोपं निघालं. दोन फळ्या आणि गळकी माती, बाकी सगळं ठणठणीत. साहेब खुशीत होते. मग खाली आलो. वरच्या मजल्याचा सगळा भार खालच्या आठ तुळयांवर होता. एवढ्या जाड की माझ्या कवेत आल्या नसत्या. मधोमध ठोकलं, देवळातल्या घंटेसारखा आवाज. पश्चिमेच्या भिंतीपाशी ठोकलं, तोच आवाज. दाभण गव्हाएवढासुद्धा जाईना. मग शिडी पूर्वेच्या भिंतीला लावली.

तिथं तुळयांची टोकं भिंतीत शिरत होती त्या जागी सिमेंटची नीट गिलाव्याची चौकट होती. आठही ठिकाणी. चौकटीच्या कडेला ओल्या सिमेंटात दोरी दाबून काढलेली नक्षी. मी खालून म्हटलं, "काम चांगलं केलंय कुणीतरी."

साहेबांनी त्या दोरीच्या ठशावरून बोट फिरवलं. हातोडा मारला. आवाज बसका आला, गाठोड्यावर मारल्यासारखा. त्यांनी दाभणाचं टोक चौकटीला लागून लाकडात टेकवलं आणि दाबलं. तो नेढ्यापर्यंत आत गेला.

ते शिडीवर तसेच उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली. मी शिडी धरली.

"इंजिनेरबाई," ते म्हणाले, "ही नक्षी माझी हाय."

मग खाली येऊन, भिंतीला टेकून बसून, त्यांनी सांगितलं. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी ते नोकरीत तरुण होते. आपल्याकडं पडझड कमी झाली होती, पण लोक भ्यालेले होते. आंगणात झोपायचे. घरं पक्की करून द्या म्हणायचे. साहेब जीपमध्ये सिमेंट घालून गावोगाव हिंडले आणि तुळयांची टोकं भिंतीत घट्ट बसावीत म्हणून सिमेंटात बंद करत गेले. भिंतीतली ओल पूर्वी मातीतून बाहेर निघून जायची. सिमेंटामुळं ती आतच कोंडली आणि तीस वर्षं लाकूड खात बसली.

"तेव्हा हे माहीत नव्हतं ना कुणाला," मी म्हटलं. त्यांचं सांत्वन करावं म्हणून म्हटलं.

"सुतारांना म्हाईत व्हतं. सांगत व्हते. मी म्हनलो, तुमाला काय कळतंय, शिकल्याला मी हाय का तुमी?"

"पण मग पश्चिमेची टोकं?"

"सिमेंट संपलतं," ते म्हणाले. "एका भिंतीपुरतंच आलतं."

दसऱ्याला बारा दिवस होते. रीतसर दुरुस्तीला मंजुरी यायला वर्ष गेलं असतं. साहेबांनी त्या संध्याकाळी गुरुजींना आणि गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराला समोर बसवलं. पूर्वेच्या भिंतीपासून हातभर आत, लाकूड चांगलं आहे तिथं, खांबांची एक रांग उभी करायची. खांबांवर आडवी तुळई, आणि तिच्यावर या आठही तुळया टेकवायच्या. मग भिंतीतली टोकं सडली काय, राहिली काय, भार त्यांच्यावर नाही. सुतार बराच वेळ ऐकत होता. म्हणाला, "खांबाखाली दगुड घ्या. न्हाईतर खालून सडतील."

साहेब म्हणाले, "तुमी म्हणता तसं."

गावात पत्र्याची आणि स्लॅबची घरं झाली तशी जुन्या माळवदांची लाकडं लोकांच्या परसात पडून होती. एकेक खांब आला. ऊसतोडीला निघायची तयारी करणारे आई-बापच ते खांब वाहून आणत होते. कुणीतरी बाई खांदा देता देता म्हणाली, "आमचं पोरगं हितंच झोपणार हाय का?" साहेबांनी तिला हाताला धरून त्या रांगेखाली आणलं आणि कुठल्या खांबावर किती भार येतो ते अगदी मला समजावत तसं समजावून सांगितलं. तिला किती कळलं ठाऊक नाही. पण जाताना ती त्या खांबाला हात लावून गेली.

अहवालाच्या छापील तक्त्यात एक रकाना असतो, 'नादुरुस्तीचे कारण'. त्यात सगळे 'कालमानानुसार जीर्ण' लिहितात. साहेबांनी लिहिलं की तुळयांची टोकं सिमेंटात बंद केल्यामुळं ओल कोंडून सडली, आणि ते काम त्या वेळी मी केलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

मोठ्या साहेबांनी आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "हे वाक्य काढा. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. तीस वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय? कालमानानुसार लिहा की."

"काळानं न्हाई केलं, साहेब. पश्चिमेची टोकं बी त्याच काळातली हायत. ठणठणीत हायत."

"उद्या चौकशी लागली तर?"

"लागू द्या. कारण न्हाई लिहिलं तर पुढं येनारा मानूस पुन्हा सिमेंटच भरील."

वाक्य राहिलं. मुलं त्या हंगामात कोठीत राहिली आणि पुढच्याही. चौकशी वगैरे काही लागली नाही, फक्त मार्चमध्ये साहेबांच्या कंत्राटाची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी टेबलाच्या ड्रॉवरमधून एक वही काढून मला दाखवली. त्यात अकरा ठिकाणांची नावं होती. भूकंपानंतरच्या वर्षी जिथं जिथं त्यांनी टोकं बंद केली होती ती सगळी घरं आणि इमारती. कागदपत्रं कुठंच नव्हती, आठवून आठवून लिहिली होती.

"आता येळ हाय," म्हणाले.

त्यानंतर ते एसटीनं एकेका ठिकाणी जाऊ लागले. मी रविवारी मोकळी असले की सोबत जायचे. काही ठिकाणी माळवद जाऊन स्लॅब पडलेला असायचा. असं दिसलं की ते रस्त्यावरूनच नमस्कार करायचे आणि वहीतलं नाव खोडायचे. काही ठिकाणी टोकं गेलेली निघाली, तिथं टेकू दिले. पालीच्या बाजूला एका वस्तीवर मात्र घरमालकानं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पन्नाशीचा माणूस, आवाज चढा. "माझ्या बापाच्या वक्ताला तुमीच भरलं. आता तुमीच फोडता व्हय? पक्कं हाय ते. निगा." साहेब पुन्हा गेले. त्यानं पुन्हा हाकललं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं दारच उघडलं नाही. त्या घरात तुळईला काहीतरी टांगलेलं खिडकीतून दिसलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं. साहेबांना त्यापायी जेवण जाईना.

मग नेकनूरची पाळी आली. तिथल्या घरात एक बाई एकट्याच राहत होत्या, सत्तरीच्या आसपासच्या. साहेबांनी आपली ओळख सांगितली, कशाला आलो ते सांगितलं, आणि शिडी मागितली. बाई म्हणाल्या, "वर कशाला चढता? फोडून टाकलंय ते."

"काय?"

"तुमचं शिमिट. तुमी गेलात त्याच्या फुडच्या पावसात भिंत घाम सोडाया लागली. मी मालकाला म्हनलं, लाकडाचा जीव गुदमरतोय. त्यांनी न्हाई ऐकलं. मंग ते शेताला गेल्यावर पहार घेतली आन मीच फोडलं. माती भरली पुन्हा."

साहेब तरी शिडीवर चढलेच. सहा टोकं तपासली, सहाही ठणठणीत. खाली आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, पण चेहरा रागावलेल्या पोरासारखा होता.

"मंग मला कावून न्हाई सांगितलं? कळीवलं असतं तर मी बाकीची तवाच..."

"आलते की सांगाया. तुमी फुडच्या आळीत आलतात, तवा आलते. तुमी जीपमधी बसलतात. मी हात केला." बाईंनी हात कसा केला ते करून दाखवलं. "जीप निघून गेली."

साहेब ओट्यावर बसले. बाईंनी पाणी आणलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या माझ्यासंगं येता का? एक घर हाय. माझं तिथं ऐकत न्हाईत. ऐकू नये असंच केलंय मी. तुमी सांगा."

बाई हसल्या. म्हणाल्या, "मला काय येतंय बोलाया?" पण दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून स्टँडवर पोचले तर त्या आधीच येऊन बसलेल्या. धुतलेलं लुगडं, आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेली पहार. कंडक्टर ती बसमध्ये घेऊ देईना. साहेबांनी आपल्या जागेखाली आडवी सरकवून दिली आणि तिच्यावर पाय ठेवून बसले.

वस्तीवर पोचल्यावर साहेब आंगणातच थांबले. बाई पुढं गेल्या. त्या माणसानं दार उघडून आधी साहेबांकडं पाहिलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "भाऊ, मी नेकनूरची. ह्यांनी माझ्या घरात बी तेच केलतं."

"मंग?"

"मंग मी फोडलं. म्हणून घर हाय. तुजं तुला बघायचं तर बघ, न्हाईतर आमी पानी पिऊन जातो."

त्यानं बाईंच्या हातातल्या पहारेकडं पाहिलं. मग बाजूला झाला.

खिडकीतून दिसलं होतं तो पाळणा होता. त्याची नात झाली होती, तीन महिन्यांची. पाळण्याच्या दोऱ्या तुळईच्या टोकाजवळच, भिंतीला लागून बांधलेल्या. तिथं थंडावा असतो म्हणून. साहेब आत आले, पण ठोकलं नाही, बोलले नाहीत. त्यांनी शिडी धरली आणि बाईंना वर चढू दिलं. बाईंनी पहारेच्या टोकानं सिमेंटाचा एक कोपरा उचकटला. पाठोपाठ मूठभर काळा, ओला भुगा खाली पाळण्याच्या कडेवर सांडला.

माणसानं तो भुगा बोटांत घेतला, चुरडला, वास घेतला. कुणाकडं न बघता त्यानं पाळण्याची एक दोरी सोडायला घेतली. गाठ फार घट्ट होती. साहेब पुढं झाले आणि दुसरी दोरी सोडू लागले. दोघांनी मिळून पाळणा दोऱ्यांसकट उचलला आणि लहान पावलं टाकत, उंबरा जपून ओलांडत, बाहेर लिंबाखाली आणला.

पोरगी झोपलेलीच होती.